अलंकार ओळखताना ‘जणू’ शोधू नकोस, बोलणारा काय कबूल करतोय ते बघ

प्रश्न असा आलाय की मुलगा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय, अलंकारांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत पण पेपरात न वाचलेली ओळ आली की उत्तर चुकतं. आणि दुसरं म्हणजे अभ्यासिकेतला एक मित्र कविता करतो, तो सारखं प्रतिमा, प्रतीक, ध्वनी, आयरनी असं काय काय बोलत असतो आणि याला ते सगळं एकच वाटतं. त्या मित्राच्या कवितेत एक छत्री आहे म्हणे, ती प्रतिमा का प्रतीक यावरून दोघांचं चहावर वाजलं.

मी ज्युनियर कॉलेजला 27 वर्षं मराठी शिकवलं, आता घरी बसून चार मुलांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतेय, चालेल ना.

आधी तुझा आजार सांगते. तू शब्द शोधतोस. ‘सारखा, समान, परी’ दिसलं की उपमा, ‘जणू, गमे, वाटे, भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा. गाइडमध्ये तसा तक्ताच असतो आणि 10 पैकी 7 वेळा तो चालतोही, म्हणून तर तो सुटत नाही. पण तू पाठवलेला तो सराव पेपरातला प्रश्न बघ, ‘टेकडीवर पोचलो तेव्हा वाटलं की पाऊस येणार’, आणि उत्तर दिलंय उत्प्रेक्षा! का, तर ‘वाटलं’ आहे म्हणून. अरे त्याला खरंच वाटलं की पाऊस येणार, यात अलंकार कुठून आला? एका गोष्टीत दुसरी गोष्ट बघितलीच नाहीये त्याने. तसंच ‘तुझी छत्री माझ्या छत्रीसारखी आहे’ यात सारखी आहे पण उपमा नाही, छत्रीची तुलना छत्रीशी केली, ऐकणाऱ्याला कुठलीही गंमत वाटली नाही. जुने लोक याला चमत्कृती म्हणायचे, ती नसेल तर अलंकार नाही. तुझी उत्तरतालिका चुकलीये, सरांना खुशाल जाऊन सांग.

मग शोधायचं काय? बोलणारा किती कबूल करतोय ते. त्याच्यासमोर दोन गोष्टी आहेत, एक खरी समोरची, ते उपमेय, आणि एक जिच्याशी जोडायचंय ती, ते उपमान. या दोन वेगळ्या आहेत हे तो मान्य करतो का, अर्धवट मान्य करतो का, साफ नाकारतो का, का त्याला स्वतःलाच कळेनासं झालंय? एवढं विचारलंस तर निम्मे अलंकार एका रांगेत उभे राहतात.

खाली उतर आणि कुठल्याही अमृततुल्यच्या पाटीखाली उभा राहा. पुण्यात रोज हजारो लोक या शब्दाखाली उभं राहून चहा पितात आणि कुणाच्या लक्षात येत नाही की आपण एका उपमेखाली उभे आहोत. अमृत हे उपमान, तुल्य हा साधर्म्य दाखवणारा शब्द, चहा हे उपमेय. चौथी गोष्ट म्हणजे साधारण धर्म, म्हणजे दोघांत सारखं काय आहे, गोडी का तरतरी, ते पाटीवर लिहिलेलं नाही, म्हणून ही लुप्तोपमा. चारही गोष्टी असल्या की पूर्णोपमा. तुल्य म्हटलं म्हणजे दुकानदार प्रामाणिक आहे बरं का, तो म्हणतोय चहा वेगळा, अमृत वेगळं, फक्त तोडीस तोड आहे. उपमेत दोन गोष्टींच्या मध्ये भिंत शाबूत असते.

आता तोच चहा घेऊन पुढे जाऊ. ‘हा चहा जणू अमृतच’ म्हटलं की भिंतीला भोक पडलं. बोलणाऱ्याला पक्कं माहितीये हा चहा आहे, पण कल्पना मुद्दाम तिकडे झेपावते, ही उत्प्रेक्षा. ‘आमचा चहा म्हणजे अमृत’, इथे भिंतच पाडली, दोन्ही एकच, हे रूपक. ‘हा चहा नाहीच मुळी, अमृत आहे’, इथे तर खऱ्या गोष्टीला नकारच दिला, ही अपन्हुती. ‘याला चहा म्हणू का अमृत?’ हा ससंदेह, गोंधळ आहे पण निकाल लागलेला नाही. आणि समजा लक्ष्मी रोडवरून जाता जाता इंद्राने गाडी थांबवली आणि ‘आमच्याकडचा माल इथे कसा आला’ म्हणून दुकानदाराची चौकशी सुरू केली, तर तो भ्रान्तिमान, कारण इंद्राची खरंच फसगत झाली आणि तो तसा वागायलाही लागला. ससंदेहात माणूस अडतो, भ्रान्तिमानात माणूस चुकून पुढे जातो, हा फरक पोरांना कधीच सांगितला जात नाही, नुसत्या व्याख्या देतात.

‘अमृत काय घेऊन बसलात, हा त्याच्यापेक्षा गोड आहे’ म्हटलं की व्यतिरेक, उपमेयाने उपमानाला मागे टाकलं. नामदेवांचं ‘अमृताहुनी गोड नाम तुझे देवा’ हे तेच. आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठीबद्दल म्हटलंय की ती अमृतालाही पैजेने जिंकेल, तोही व्यतिरेकच, आपण ती ओळ भाषा दिनाला बॅनरवर लावतो आणि अलंकार विचारला की मुलं उपमा लिहितात. शेवटी ‘या चहासारखा फक्त हाच चहा’ म्हटलं की अनन्वय, उपमान शोधायला गेला आणि बाहेर काही सापडलंच नाही म्हणून रिकाम्या हाताने परत आला.

बघ, एका कपात आठ अलंकार झाले. परीक्षेला जाताना हे डोक्यात ठेव, न वाचलेली ओळ आली की तिचा चहा करायचा, म्हणजे उपमेय काढून तिथे चहा घालायचा, उपमानाच्या जागी अमृत, आणि मग वाक्य यापैकी कुठल्या वाक्यासारखं वाजतंय ते ऐकायचं.

आता एक गोष्ट जी गाइडमध्ये नसते पण मला तीच जास्त आवडते. तुझा मित्र आयरनी, मेटाफर वगैरे बोलतो ना, तो बहुतेक समजतो की मेटाफर म्हणजे रूपक. अगदीच चूक नाही, पण पूर्ण बरोबर पण नाही. टपरीवर एखादा आला आणि नुसतं ‘दोन अमृत दे रे’ म्हणाला, तर? यात चहा शब्दच नाही, उपमानाने उपमेय गिळून टाकलंय. इंग्रजीत याला बिनधास्त मेटाफर म्हणतील. आपल्याकडे मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या काव्यशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात हा अतिशयोक्तीचा पहिला प्रकार आहे, रूपक नाही, कारण रूपकात दोघंही वाक्यात हजर लागतात. शाळेत मात्र अतिशयोक्ती म्हणजे फक्त फुगवून सांगणं, ‘दमडीचं तेल आणलं’ छापाचं. परीक्षेसाठी शाळेचंच धर, तिथे मम्मट लिहून मार्क मिळणार नाहीत, पण मित्राशी भांडताना हे वापरता येईल.

रूपक या शब्दाचा अजून एक घोळ आहे. संस्कृतात रूपक म्हणजे नाटकसुद्धा, गाण्यात रूपक म्हणजे सात मात्रांचा ताल, आणि रूपककथा म्हणजे जिच्यातली सगळी पात्रं दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभी आहेत अशी गोष्ट. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तो काम-क्रोधाचा विंचू असतो, मग त्याचा उतारा पण सत्त्वगुणाचा, म्हणजे एकदा विंचू म्हटलं की शेवटपर्यंत हिशोब जुळवत न्यायचा. एका ओळीतलं ते रूपक, आख्खी रचनाच तशी चालली की रूपककथेच्या वाटेला लागली.

दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास या जोडीवर तर दरवर्षी मार्क जातात. सोपी परीक्षा आहे. समजा मी म्हणाले, ‘शेजारच्या सरांनी 30 वर्षं फुकट शिकवलं, कधी बोलून दाखवलं नाही; झाड कुठे सावलीचं बिल लावतं?’ तर सर आणि झाड दोघं एका पातळीवर आहेत, एक दुसऱ्याचा आरसा आहे, तो दृष्टान्त. पण ‘...कधी बोलून दाखवलं नाही. मोठी माणसं उपकार उगाळत नाहीत’ असं म्हटलं तर दुसरं वाक्य म्हणजे सगळ्यांना लागू पडणारा नियम झाला, तो अर्थान्तरन्यास. एका बाजूला नियम आणि दुसऱ्या बाजूला उदाहरण दिसलं की डोळे झाकून अर्थान्तरन्यास. तुकोबांचं लहानपण मागणं, मुंगीला साखरेचा रवा आणि ऐरावताला अंकुशाचा मार, हे दृष्टान्तात का घालतात ते आता तुझं तूच लाव.

आवाजाचे अलंकार पटकन. अनुप्रास म्हणजे तेच अक्षर परत परत, यमक म्हणजे ठराविक जागी तोच अक्षरांचा गट, मराठीत बहुतेक ओळीच्या शेवटी. वृत्त हा अलंकार नाही, ते चालण्याचं माप आहे, मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत म्हणजे प्रत्येक चरणात य गण (लघु-गुरू-गुरू) चार वेळा, 12 अक्षरं, बास. श्लेषात, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ काढण्यात, मात्र मराठीची एक गंमत आहे. हार म्हणजे फुलांचा आणि हार म्हणजे पराभव, पण पहिला तो हार, दुसरी ती हार. म्हणून ‘निवडणुकीत दोघांनाही हार’ इथपर्यंत श्लेष टिकतो, पुढे ‘मिळाला’ किंवा ‘मिळाली’ लिहिलं की फुटतो. क्रियापद गाळलं तरच कोटी जमते. वर्तमानपत्राच्या मथळ्यांत क्रियापद नसतं त्याचा हा एक फायदा.

आता तुझ्या मित्राच्या प्रांतात येऊ. आयरनीला एक मराठी शब्द नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्यातली असेल तर उपरोध. परिस्थितीतली असेल, म्हणजे ‘पुरापासून सावध राहा’ हा बोर्डच पुरात वाहून गेला, तर दैवदुर्विलास म्हणतात, जरा जड शब्द आहे पण बरोबर आहे. आणि तिसरी नाटकातली, पडद्यामागे कोण लपलंय ते प्रेक्षकाला माहिती, स्टेजवरच्या नवऱ्याला माहिती नाही, आणि तो नेमका पडद्याकडे पाठ करून बायकोच्या भोळेपणाचं कौतुक करतोय. तिथे हसू येतं ते वाक्याला नाही, आपल्या आणि त्याच्या माहितीतल्या फरकाला.

उपरोधाची तर आपल्याकडे खाणच आहे. ‘आमच्या गेटसमोर गाडी लावणाऱ्यांचे आभार, आम्हाला चालायची सवय लागली’, ही पाटी मी आत्ता बनवली पण पेठेत कुठेही खपेल. वरून स्तुती आतून शिवी, ही व्याजस्तुती. ‘साहेब सध्या येरवड्याला मुक्कामी आहेत’ ही पर्यायोक्ती, तुरुंग शब्द न उच्चारता तुरुंग सांगितला, फक्त येरवड्याला कारागृहाबरोबर मनोरुग्णालय पण असल्यामुळे संदर्भ नसेल तर ऐकणारा भलतीकडे जातो. आणि वक्रोक्तीचा एक प्रकार आहे काकू वक्रोक्ती, वर्गात हे नाव घेतलं की दरवर्षी हशा, पण या काकू शेजारच्या नव्हेत, काकू म्हणजे आवाजाचा चढउतार. ‘हो, तू आणि वेळेवर येणार!’ यातला शब्द अन् शब्द हो म्हणतोय, फक्त सूर नाही म्हणतोय. हेच व्हॉट्सअॅपवर टाकलं की समोरचा खरंच वेळेवर येतो आणि तू पोचलेला नसतोस, कारण सूर टाइप होत नाही. म्हणून मग तो डोळा मारणारा इमोजी लावावा लागतो. कुंतक या संस्कृत काव्यशास्त्रकाराने वक्रोक्ती हा शब्द याहून फार मोठ्या अर्थाने घेतला, सगळ्या काव्याचा जीवच म्हणजे वाकवून सांगणं असं त्याचं म्हणणं, पण तो परीक्षेतला अलंकार नव्हे, दोन्हींची गल्लत करू नकोस.

ध्वनी समजायला आधी शब्दाच्या तीन शक्ती लागतात. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. लक्षणा म्हणजे सरळ अर्थ अडला म्हणून शेजारचा घेतला. संस्कृतातलं ठरलेलं उदाहरण आहे ‘गंगेवर गवळीवाडा’, आता प्रवाहावर वाडा कसा राहील, म्हणजे काठावर. हे मी पुण्यात शिकवताना म्हणायचे, ‘आपण म्हणतो ना, गाडी नदीपात्रात लावलीये, तसं’, तर एक पोरगा म्हणाला बाई ती खरंच पात्रात लावलीये. बरोबर होतं त्याचं! मुठेच्या बाबतीत लक्षणा अभिधा होऊन बसलीये, आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की लोक गाड्या काढायला धावतात. मग मी उदाहरण बदललं, ‘विसर्जनाच्या रात्री पुणं झोपत नाही’, झोपत नाहीत ती माणसं. आणि ‘कात्रजचा घाट दाखवला’ ही रूढ झालेली लक्षणा. शाहिस्तेखानाच्या फौजेला बैलांच्या शिंगांना पलिते बांधून कात्रजकडे चकवलं अशी गोष्ट सांगतात, पण आज बोलणाऱ्याला ना खान आठवतो ना घाट, ‘फसवलं’ एवढंच. बटाट्याचे डोळे, बाटलीचं तोंड, ही पण अशीच झोपी गेलेली रूपकं. पेपरात यांना चेतनगुणोक्ती लिहू नकोस, बाटलीला कुणी जिवंत करत नाहीये. ‘भिडे पूल दर पावसाळ्यात एकदा डोक्यावरून आंघोळ करून घेतो’, ही चेतनगुणोक्ती.

तिसरी व्यंजना. जुन्या लोकांचं उदाहरण ‘सूर्य मावळला’, गुराख्याला त्यातून गुरं परत न्यायचं कळतं, अभिसारिकेला, म्हणजे प्रियकराला भेटायला जाणारीला, निघायचं कळतं, वाक्य एकच. आपलं पुणेरी रूप कर, ‘एक वाजला’. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणाला तर शटर, आई म्हणाली तर पान वाढलंय, अभ्यासिकेत शेजारचा म्हणाला तर मेस बंद व्हायच्या आत चल. सरळ अर्थ कुठेच अडत नाही, एक खरंच वाजलाय, तरी जो पोचतो तो दुसराच अर्थ. लक्षणेत सरळ अर्थ मोडतो, व्यंजनेत तो धड राहूनही मागून दुसरा वाजत राहतो, घंटेसारखा. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने हाच काव्याचा आत्मा म्हटला, ध्वनी तो हाच. इथे बोलणाऱ्याने काहीच कबूल केलेलं नाही, उद्या म्हणेल मी फक्त वेळ सांगितली.

मग ती छत्री. प्रतिमा म्हणजे डोळ्याला, कानाला, नाकाला, कातडीला काहीतरी जाणवून देणारं शब्दचित्र, तिचा लगेच ‘अर्थ’ असायलाच हवा असं नाही. प्रतीक म्हणजे ती वस्तू स्वतः तर आहेच, शिवाय दुसऱ्या कशाचा तरी भार वाहायला लागली. आणि भार एकदम येत नाही, रचनेत फिरून फिरून साठतो. समजा गोष्ट नारायण पेठेतल्या एका वाड्यात सुरू होते, सकाळी पाणी तापवायचा तांब्याचा बंब, गोवऱ्यांचा धूर, राखेत हात घातला की ऊब, ही प्रतिमा. मधे वाडा बिल्डरला जातो, भाऊ भांडतात, बंब कुणी घ्यायचा यावरून दोन वर्षं अबोला. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तो बंब पॉलिश करून ठेवलाय आणि त्यात मनीप्लांट लावलाय. आता लेखकाने एक शब्दही स्पष्टीकरण दिलेलं नाही, पण तो बंब आता नुसता बंब राहिलाय का? प्रतीक झालं ते. याची एक कसोटी, वस्तू काढून दुसरी ठेवून बघ. पहिल्या पानावर बंबाऐवजी चूल चालली असती, शेवटच्या पानावर नाही चालत.

मित्राची कविता तू पाठवलीस ती मी वाचली. छत्री एकदाच येते, दुसऱ्या कडव्यात, दाराशी टेकवलेली आणि टोकातून पाणी गळतंय. चांगली प्रतिमा आहे, फरशीवरचं ते डबकं मला दिसलं. पण प्रतीक नाही, कारण तिच्याकडे कवी परत वळतच नाही. त्याचं म्हणणं असं की ती ‘एकटेपणाचं प्रतीक’ आहे, तर तसं त्याच्या मनात असेल, कागदावर नाहीये.

रसाबद्दल तू विचारलं नाहीस पण तुझ्या उत्तरात ‘कवी दुःखी आहे म्हणून करुण रस’ असं वाक्य दिसलं म्हणून सांगते. दुःख पात्राचं, ते शोक, तो भाव. रस वाचणाऱ्याच्या ठिकाणी. भरताने नाट्यशास्त्रात आठ सांगितले, शांत नंतर धरला गेला. आणि रडारड दिसली की करुण लिहायचं नाही. नवरा दुबईला गेलाय, ती खिडकीत बसून रडतेय, हा विप्रलंभ शृंगार, कारण तो येणार आहे आणि पाया प्रेमाचा आहे. परत येण्याची आशाच तुटली की मग करुण. तसंच वीर आणि रौद्र, दोघांत तलवार असते पण वीराच्या मुळाशी उत्साह, रौद्राच्या मुळाशी राग.

आणि हो, कवी दुःखी आहे हे तुला कुणी सांगितलं? कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे. एका वर्षी एका मुलीने लिहिलं होतं ‘कवी दारू पितात असे दिसते’, कवितेतला मी गुत्त्यात बसलेला होता म्हणून. निवेदक हा लेखकाने उभा केलेला माणूस असतो, तो खोटं बोलू शकतो, त्याला अर्धवट माहिती असू शकते, आणि लेखक मागे उभा राहून आपल्याला खूण करत असतो. तुझ्या मित्राच्या कवितेत बोलणारा म्हणतो मला कुणाचीच गरज नाही, आणि दाराशी छत्री मात्र दोन जणांना पुरेल अशी मोठी आहे, ते तुझ्या मित्राने लिहिलंय पण त्याच्याच लक्षात आलेलं नाही. त्याला म्हणावं शेवटच्या कडव्यात ती छत्री एकदा उघड. मग परत पाठवा मला, आणि या वेळी फोटो काढून नको, टाइप करून, त्या पानावर चहा सांडलाय आणि दोन ओळी वाचताच येत नाहीयेत.